पिवळ्या ओळी

थोरलीनं दोनशे चौदावी ओळ निवडली, कॉपी केली, ‘बंद’ नावाच्या शीटवर जाऊन शेवटच्या ओळीखाली पेस्ट केली आणि परत मोठ्या यादीवर आली. मग दोनशे पंधरावी. दोनशे सोळावीपाशी ती थबकली. नाव वाचून तिनं चष्मा कपाळावर सरकवला, ओळ होती तिथेच ठेवली आणि तिला पिवळा रंग दिला.

मागे उभी राहून धाकटी हे सगळं बघत होती. हातातला चहा प्यायचं तिला भान राहिलं नव्हतं.

“ताई, दर शुक्रवारी हे असंच करता?”

“असंच म्हणजे?”

“म्हणजे एकेक ओळ उचलून?”

“मग काय, मुठीनं उचलू?”

धाकटी हसली. ती खरं तर कशालाही हसायची आणि थोरलीला ते आवडायचंही. श्रवणयंत्र केंद्राच्या त्या कचेरीत दोघींची टेबलं लागून होती. एकीच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, दुसरीला नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेले. शिपायानं पहिल्याच आठवड्यात त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ करून टाकलं. पुढे जाऊ गळून पडली आणि थोरली-धाकटी तेवढं राहिलं. जावांमध्ये होतं तसं काही दोघींत झालेलं नव्हतं.

मोठी यादी म्हणजे फुकट मिळणाऱ्या श्रवणयंत्रासाठी नाव नोंदवून बसलेली सहाशेवर माणसं. पाळी यायला दोन-अडीच वर्षं लागत. पाळी आली की धाकटी फोन करायची. उचलला तर तारीख द्यायची, नाही उचलला तर शेवटच्या कॉलममध्ये ‘उत्तर नाही’ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. दोनदा ‘उत्तर नाही’ झालं की नाव ‘बंद’मध्ये जायचं आणि यंत्र पुढच्याला मिळायचं. हा नियम वरून आला होता. तो करणारा नक्कीच हुशार असणार, पण ज्याला ऐकू येत नाही त्याला वाजलेला फोनही ऐकू येत नाही, एवढंसं काही त्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

बहुतेकांनी अर्जावर मुलाचा, सुनेचा, भाचीचा फोन नंबर दिलेला असे, त्यामुळे नियम कसाबसा निभावून जाई. एकटी राहणारी माणसं मात्र स्वतःचाच नंबर देत. दुसरा कुठला देणार? तेवढ्या ओळी थोरली, काही तर पाळी यायच्या आधीच, पिवळ्या करायची आणि मागेच ठेवायची. सोमवारी सकाळी साहेब यायच्या आत ती कोणाच्या घरमालकाला, कोणाच्या खालच्या दुकानदाराला फोन लावायची आणि निरोप पोचवायची. हे करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि करते हे कोणाला ठाऊकही नव्हतं. त्या पिवळ्या ओळींनाच ती आपलं काम समजायची, बाकीची नुसती हमाली.

दोनशे सोळावी ओळ एका पहारेकऱ्याची होती. लाकडाच्या वखारीवर रात्रपाळी करणारा, साठीला टेकलेला, बायको गेलेली. वखारीचा डॉक्टर वर्षातून एकदा सगळ्यांना तपासायचा. मागच्या वर्षी पहारेकऱ्यानं डॉक्टरच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेली होती. या वर्षी डॉक्टर पाठीमागे उभा राहून विचारणार आहे, असं त्यानं थोरलीला स्वतःच येऊन सांगितलं होतं. यंत्र मिळालं तर नोकरी राहणार होती, नाहीतर नाही. त्याच्या खोलीखाली एक इस्त्रीवाला बसायचा. त्याचा नंबर थोरलीला पाठ होता.

त्या दिवशी दुपारी साहेबांनी धाकटीला बोलावलं. तिला कॉम्प्युटरमधलं बरंच येतं, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. संध्याकाळी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी गेली.

सोमवारी थोरली पावणेदहाला आली तर साहेब आधीच हजर. धाकटीच्या खुर्चीमागे शिपायासकट चारपाच जण गोळा झाले होते. फोन करायचं राहून गेलं.

“बघा हं,” धाकटी म्हणाली. “आता इथे दुसऱ्यांदा ‘उत्तर नाही’ लिहिलं, की ती ओळ आपोआप ‘बंद’मध्ये जाते. कॉपी नको, पेस्ट नको. आणि पुढच्याची पाळी इथे हिरवी होते.”

तिनं एक कळ दाबली. ‘बंद’ शीटवर सात ओळी टपटप उमटल्या. थोरलीनं त्या वाचल्या. पाचवी पहारेकऱ्याची होती.

“वा,” साहेब म्हणाले. “अख्ख्या सकाळचं काम चुटकीसरशी.” मग ते थोरलीकडे वळले आणि मोकळेपणानं हसले. “बाई, इतकी वर्षं मग तुम्ही काय करत होतात?”

सगळे हसले. साहेब मनानं वाईट नव्हते, त्यांनी ते गमतीनंच म्हटलं होतं. पण एकोणतीस वर्षांच्या नोकरीत थोरलीला कोणी इतकं उघडं पाडलं नव्हतं. तीही हसली. हसताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि त्या दुपारपर्यंत निवल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी डबा घेऊन तिच्या टेबलाशी आली.

“ताई, एक विचारू? काही ओळी पिवळ्या आहेत. एकतीस भरल्या. त्या कशासाठी?”

थोरली डब्याचं झाकण उघडत होती.

“फॉर्म्युल्याला रंग दिसत नाही,” धाकटी सांगत होती. “त्याला फक्त लिहिलेलं कळतं. रंगाला काही अर्थ असेल तर मी वेगळा कॉलम करते. दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटांचं. म्हणजे तेही दोन मिनिटांचं. थोरलीच्या मनात आलं, घ्या, हेही घ्या, म्हणजे माझ्याकडे उरलं काय? गरज सरो, वैद्य मरो. आणि मग दुसरा विचार आला, जो तिला फार बरा वाटला. होऊ दे घोटाळा. आठवडाभरात बोंब होईल, साहेब धावत येतील, बाई हे काय झालं म्हणतील. तेव्हा सांगू, सगळ्यांच्या देखत.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “सहजच. डोळ्यांना जरा बरं वाटतं.”

“खरंच?”

“अगं, जेव आता.”

आठवडाभरात बोंब झाली नाही. दोन आठवड्यांत झाली नाही. पहारेकऱ्याचं यंत्र नियमाप्रमाणे पुढच्याला गेलं. तो पुढचा बिचारा सुनेबरोबर आला, डोळ्यांत पाणी आणून यंत्र घेऊन गेला. तक्रार कोण करणार होतं? ज्यांना फोन ऐकू आला नाही, त्यांना तो येऊन गेल्याचंही कळलं नव्हतं. ती माणसं आपापल्या खोल्यांमध्ये अजून पाळीची वाट बघत बसली होती. उलट यादी भराभर सरकायला लागली आणि वरून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी ते फळ्यावर लावलं.

थोरली रोज सांगायचं ठरवून घरून निघायची. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर नुसता विसर पडला म्हणता आलं असतं. तिसऱ्या आठवड्यात तसं म्हणता येईना. दर शुक्रवारी धाकटीचं लक्ष नसताना ती ‘बंद’ शीट उघडायची आणि पिवळी म्हणून ओळखीची असलेली नावं मोजायची. नऊ झाली. मग चौदा. एका सोमवारी तिनं एका म्हातारीच्या घरमालकाला फोन लावलाही. पण नाव आधीच बंद झालेलं, त्याला सांगणार काय? तिनं राँग नंबर म्हणून फोन ठेवला. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं तिनं स्वतःला समजावलं आणि स्वतःचीच तिला शिसारी आली.

महिन्याभरानं तिला चौकशीच्या खिडकीवर बसवण्यात आलं. टेबलाचं काम आता उरलंच कुठे होतं, साहेबांचंही बरोबर होतं. खिडकीला गोल भोक होतं. बोलणाऱ्यांना त्यात तोंड घालावं लागे आणि ऐकू न येणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नसे. थोरली कागदाचे चिटोरे घेऊन बसायची आणि लिहून उत्तरं द्यायची.

अडीच महिन्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, पहारेकरी खिडकीशी आला. रात्रपाळी करून तसाच आला असावा. त्यानं दाढी मात्र करून घेतली होती.

“माझी पाळी कुठवर आली बाई?” तो मोठ्यांदा म्हणाला. त्याला आपला आवाज किती मोठा आहे ते कळायचं नाही. “महिनाअखेरीला तपासणी आहे. म्हटलं फोन काही येईना, आपणच जाऊन यावं.”

थोरलीनं बोटानं थांबा म्हटलं आणि ती उठली. धाकटी आपल्या टेबलाशी यादीत नवे अर्ज चढवत होती.

“एक ओळ ‘बंद’मधून परत आणता येते का गं?”

“येते की. कुठली?”

थोरलीनं नाव सांगितलं. धाकटीनं शोधलं, वाचलं. “दोनदा फोन, उत्तर नाही. ताई, परत घ्यायचं तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहू?”

थोरली टेबलाची कड धरून उभी राहिली.

“एकटा राहतो तो,” ती हळूच म्हणाली. “स्वतःचाच नंबर दिलाय. त्याला कसा ऐकू येणार फोन?”

धाकटीनं मान वर केली. मग मोठी यादी उघडून ती खाली खाली गेली. ज्यांची पाळी अजून आली नव्हती, अशा काही ओळी तिथे अजून पिवळ्या होत्या.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात नेहमीचं हसू नव्हतं. “तुम्ही सहज म्हणालात.”

“हो.”

“एकतीस होत्या. किती गेल्या?”

“एकोणीस.”

आकडा इतक्या पटकन आला, की पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही. ती मोजत होती, हे धाकटीला कळलं, आणि ते कळलं हे थोरलीला.

“उरलेल्यांचा कॉलम मी आत्ता करते,” धाकटी म्हणाली. “पण गेलेल्यांचं कारण तुम्हाला लिहावं लागेल. एकासाठी लिहा नाहीतर एकोणिसांसाठी, कारण एकच आहे. मी माझ्या हातानं नाही लिहिणार.” तिनं एक कोरा कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

थोरलीनं पेन उचललं. ‘मला माहीत असूनही’ एवढंच लिहायचं होतं, पुढचं आपसूक आलं असतं. पुढे चौकशी, कागदाखालची आपली सही, चौदातले उरलेले अकरा महिने, शिपायाची नजर, आणि फळ्यावरच्या पत्राशेजारी लागणारं दुसरं पत्र. तिनं पेन कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला.

“खिडकीवर माणूस उभा आहे,” ती म्हणाली आणि पेन तसंच ठेवून परत गेली.

पहारेकरी होता तिथेच होता. त्याच्यामागे आणखी चार जण येऊन उभे राहिले होते. थोरली बसली. तिनं चिटोरा ओढला आणि नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘दोनदा फोन केला होता. उचलला नाही. नियमाप्रमाणे नाव बंद झालं. नवा अर्ज भरावा लागेल.’

तो अक्षरांखाली बोट धरून वाचत गेला. शेवटापर्यंत गेला आणि परत पहिल्या ओळीवर आला.

“दोनदा केला होता?”

थोरलीनं मान हलवली. ते खोटं नव्हतं.

“मग चूक माझीच,” तो म्हणाला. रांगेतली माणसं त्याच्याकडे बघायला लागली. “दिवसा झोपलेला असतो मी. आणि जागा असलो तरी काय, कळत नाही हो वाजलेलं. तुम्ही एवढ्या कामाच्या रगाड्यात आठवणीनं दोनदा फोन केलात आणि मी उचलला नाही. माफ करा बाई.”

थोरलीनं अर्ज भोकातून बाहेर सरकवला. त्यानं तिथेच उभ्यानं भरला. फोन नंबराच्या चौकटीत त्यानं स्वतःचा नंबर लिहिला. नव्या नियमानं आता दुसऱ्याचा चालतही नव्हता. अर्जदाराच्याच फोनवर पडताळणीचा आकडा जायचा आणि तो सांगितला तरच अर्ज चढायचा. धाकटीनं खिडकीशी येऊन फोनवर आलेला आकडा त्याच्याकडून मागून घेतला, पण ती थोरलीशी बोलली नाही.

“आता किती दिवस लागतील?”

थोरलीनं लिहिलं: ‘दोन वर्षं.’

“महिनाअखेरीला तपासणी आहे,” तो पुटपुटला. त्याचं पुटपुटणंही साऱ्या खोलीला ऐकू गेलं. त्यानं चिटोऱ्याची घडी घालून ती खिशात ठेवली. मग तो जरा वाकला आणि त्यानं तोंड गोल भोकाजवळ आणलं.

“या खेपेला फोन खिशातच ठेवीन बाई. झोपताना उशाशी ठेवीन. तुम्हाला परत त्रास नाही व्हायचा.”

थोरलीनं मान डोलावली. तिनं अर्जावर आजच्या तारखेचा शिक्का मारला आणि मागच्याला पुढे यायची खूण केली.