बाळंतिणीची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. तुम्ही म्हणाल, बाजेला कसली आली कहाणी, ती तर नुसती पडून असते. खरं आहे. पण पडून राहणाऱ्याला घरातलं सगळं ऐकू येतं आणि स्वप्नंही भरपूर पडतात.

आरमोरीजवळच्या एका धानाच्या गावात देवाजी सुताराने मला घडवलं. पाय सागाचे, वीण अंबाडीच्या दोराची. नथ्थूभाऊंच्या लग्नात मी या घरी आले. बाळंतिणीला माझ्यावरच निजवायचं, असा इथला रिवाज, म्हणून माझा मान मोठा. पण घरात पाळणा हलेनासा झाला की तो मानही जायचा. मग माझ्यावर धानाची पोती यायची, वड्या वाळायच्या. दोर सैल पडत गेले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी रुसले होते, पण बाज रुसली आहे हे कोणाच्या लक्षात येणार?

यंदा फाल्गुनात नथ्थूभाऊंची लेक दिव्यानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात मुलगी झाली आणि दोघी माझ्यावर येऊन निजल्या. अंगणापलीकडे मोहफुलं टपटपत होती, त्यांचा गोड वास दारातून आत यायचा. बाळाचा श्वास आणि माझ्या दोरांची कुरकुर एका लयीत चालायची. कधीकधी मला वाटायचं, मी अजून रानातलं झाडच आहे आणि माझ्या फांदीवर पक्षीण पिल्लू घेऊन बसली आहे.

पण माझ्या खड्ड्यात पाजायला बसली की दिव्यानीची पाठ वाकायची. ती बाळावर झुकायची आणि बाळाच्या तोंडात स्तनाचं नुसतं टोक यायचं. ते ओढून ओढून थकायचं आणि आईला चिरा पडायच्या. दुखतं म्हणून ती डाव्या बाजूने पाजणं टाळू लागली. मग ती बाजू दगडासारखी कडक झाली, लाल झाली आणि अंगात ताप भरला.

तिची आई आशाबाई जीव टाकणारी बाई. पण तिची जपण्याची रीत जुनी. माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि बाळंतिणीला पाणी द्यायचं ते घोटभरच.

"त्या अंगानं नको पाजू," ती म्हणाली. "दूध तापलं हाय. तापलेलं दूध लेकराले बाधते."

"मंग लेकराचं पोट कसं भरन, माय?"

"तुहे बाबा पावडरीचा डबा आनतीन."

दिव्यानीने माझा दोर मुठीत घट्ट धरला. लेकीला आपलंच दूध पाजावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि तीच आता हातातून निसटत होती. मला फार वाईट वाटलं.

डबा आणायला निघालेले नथ्थूभाऊ दारातूनच मागे फिरले. लेकीच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "डब्याचं मंग पाहू. आधी पोरीले दवाखान्यात नेतो."

ऑटोत बसून सगळी गेली आणि मी एकटी राहिले. दारातलं ऊन हळूहळू माझ्या पायांवरून सरकत गेलं. डोळा लागला तर स्वप्नात बाळ माझ्यावर निजलेलं दिसे आणि त्याची आई मात्र कुठेच दिसत नसे.

उन्हं कलताना सगळी परतली. नथ्थूभाऊंनी आल्या आल्या मला उलटं केलं आणि पायथ्याकडून एकेक दोर ओढून आवळायला घेतला. दवाखान्यात आशाबाई बाळाला घेऊन बाहेरच बसली होती, म्हणून काम करता करता तिला सांगत होते, "डॉक्टरबाई म्हने, आत दूध तुंबलं हाय. त्या अंगानं पाजनं बंद नाई करायचं. औषधाच्या गोया देल्ल्या, त्या घेऊन बी पाजता येते. पाठ टेकून बसवा, लेकराले मोठा आ करू द्या, नुसतं टोक नको. पाजून झालं का थंड फडकं ठेवा. अन् पानी पेऊ द्या पोटभर."

माझं पोट सपाट झालं. इतक्या वर्षांनी मला ताठ वाटलं.

आशाबाईला मात्र पटलं नव्हतं. दिव्यानी आपल्याच दुधाचे थेंब चिरांवर लावत होती. तिने आईचा हात ओढून घेतला आणि डाव्या बाजूचा एक थेंब तिच्या मनगटावर पाडला. आशाबाईने तो थेंब बोटाने चोळून पाहिला.

"आंग तापलं हाय," ती हळूच म्हणाली. "दूध काई तापलं नाई."

मग ती माझ्या कडेला बसली. "तुह्या वेळी माह्या सासूनं असंच माहं एक अंग बंद केलं होतं. ते आटूनच गेलं. तू भुकेनं रडे, अन् मी बी रडो. याच बाजेवर."

ते रडणं मी ऐकलं होतं, मित्रांनो. मला बोलता आलं असतं तर तेव्हाच बोलले असते. म्हणून आता तुम्हालाच विनवते. घरी बाळंतीण आली की सगळे बाळ बघायला धावतात. तुम्ही आधी बाळाच्या आईकडे जा. तिच्या हातात पाण्याचा पेला द्या, कुठे दुखतं का ते विचारा. तिचं अंग तापलं असेल तर मोठ्या माणसांना सांगा, तिला दवाखान्यात न्यायला लावा. आणि घरात माझ्यासारखी बाज असेल तर तिचे दोर आवळून ठेवा.

आशाबाईने शेगडी बाहेर नेऊन ठेवली आणि पाण्याचा तांब्या उशाशी आणला. मग हात धुऊन नातीला उचललं आणि स्वतःच डाव्या बाजूला लावलं. दिव्यानीने ओठ दाबून धरले. बाळाने मोठा आ केला. हळूहळू दिव्यानीचे ओठ सुटले, आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

आशाबाईने नातीच्या टाळूवर हात ठेवला.

"पी वो बाई," ती म्हणाली. "तुह्या मायच्या वाटचं बी पी."