दाराचं रबर

आमच्या घरात भांडायची जागा ठरलेली होती, ती म्हणजे बाबांची गाडी. घराला लागून गॅरेज, गॅरेजमध्ये ती दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. आईबाबांचं वाजायची वेळ आली की दोघं जेवणावरून गुपचूप उठायचे आणि तिच्यात जाऊन बसायचे. काचा वर, दारं बंद. दारांना भोवतीनं कंपनीचं काळं रबर होतं, त्यातून शब्द तर सोडाच, खोकलाही बाहेर पडायचा नाही. दादा आणि मी गॅरेजच्या पायरीवर बसून नुसती तोंडं हलताना बघायचो. बाकीच्या मुलांना आईबापांची भांडणं ऐकू यायची, आम्हाला ती फक्त दिसायची. मला कितीदा तिथंच झोप लागलेली आहे.

नियम बाबांनी घातले होते. ज्याची तक्रार असेल त्यानं शेजारच्या सीटवर बसायचं. ज्याला ऐकून घ्यायचंय त्यानं स्टिअरिंगवर, म्हणजे हात गुंतलेले राहतात आणि माणूस मध्ये मध्ये बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि काहीही होवो, उतरताना दार आपटायचं नाही. बोटांनी लोटलं की ते दार आपलं आपण धप्प करून लागायचं. गाडी जागची हलत नसायची, तरी ऐकता ऐकता बाबा मधूनच वळण आल्यासारखं स्टिअरिंग फिरवायचे. ते नेहमी स्टिअरिंगवर आणि आई नेहमी शेजारी, त्यावरून आमच्या घरात तक्रारी कोणाच्या जास्त होत्या ते समजून घ्या.

बाबा गेल्या वर्षी गेले. मी तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होते. त्यांच्या आजारपणाचं आईनं मला कळवलंच नाही. दादाला माहीत होतं, पण त्याच्याकडून तिनं वचन घेतलं होतं. मी पोचले तेव्हा बाबा कोणाशी बोलण्याच्या पलीकडे गेले होते. दादाला मी फोनवरच असं काही फैलावर घेतलं की त्याचं आणि माझं त्याच आठवड्यात मिटलं. आईशी मात्र भांडता येईना. कारण भांडायचं कुठं? गाडीत बसणाऱ्या दोघांतलं एक माणूसच गेलं होतं, आणि घरात आवाज चढवायची आम्हाला कोणालाच सवय नव्हती. मग मी बदली करून घेतली आणि तो राग पोटात घेऊन आईजवळ राहायला आले.

आल्यावर कळलं की आई दुपारी गाडीत जाऊन बसते.

ती बसायची शेजारच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागी. स्टिअरिंगकडे तोंड करून बोलायची. गॅरेजच्या वरच्या खिडकीतून ऊन तिरपं येऊन गाडीच्या टपावर पडलेलं असायचं, त्यात धूळ सावकाश तरंगायची, आणि मी पायरीवर उभी राहून बघायची, लहानपणी बघायची तशी. फरक एवढाच की आता ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत दाराचं रबर वाळून तडकलं होतं, उंबऱ्यावर त्याचा चहाच्या चुऱ्यासारखा भुगा पडायचा, आणि फटीतून आईचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. घरात आई बाबांना जन्मभर ‘अहो’ म्हणाली. गाडीत ती त्यांना ‘अरे’ म्हणत होती. ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

“अरे, तुझी निळी छत्री मी देऊन टाकली,” ती सांगत होती. “रागावू नकोस. दांडा सैल झाला होता.”

मग, “आधी तू जायचंस, असं आपलं कुठं ठरलं होतं?”

माझी नोकरी सकाळची, त्यामुळे मी रोज दुपारी तिथं उभी राहू लागले. दुपार कधी सरली ते कळायचं नाही, आपण जागे आहोत की झोपेत तेही नीट कळायचं नाही. जेवताना आई माझ्याशी बोलायची ती मीठ कमी झालंय का, यापुढे जात नसे. तिच्या मनात काय चाललंय हे मला त्या तडकलेल्या रबरामुळेच कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. छत्रीबद्दल सांगते, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल सांगते, तर कधीतरी हेही सांगेल की अरे, पोरीला कळवलं नाही, चुकलं माझं. ते कधी आलं नाही. मी रोज पायरीवरून थोडी जास्त चिडून आत जायची.

एकदा सकाळी चहा गाळता गाळता आई म्हणाली, “गाडीच्या दारांचं रबर गेलंय. नवं बसवून घे.”

मी विचारलं, आत्ताच काय अडलंय?

“आवाज बाहेर येतो,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी चोरी पकडल्यासारखी कप घेऊन बाहेर गेले. तिला सगळं माहीत होतं तर. आणि आता ती तेवढी फटही बुजवायला मलाच सांगत होती. इतकं वाईट मला बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच वाटलं.

रबराचं दुकान अरुंद आणि खोल होतं. छतापासून रबराच्या गुंडाळ्या लोंबत होत्या, त्यांच्यातून वाट काढत आत जावं लागायचं. दुकानदार बोलका, आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलणारा. त्यानं काउंटरवर दोन तुकडे ठेवले. एक ओरिजिनल, कंपनीचं. जुन्या मालातलं, पावडर लावून जपलेलं, दाराच्या आकारात ओतलेलं, कोपऱ्यासकट अखंड. दुसरं बाजारातलं. तेही चांगलं, वाईट अजिबात नाही, दोनदा सांगितलं त्यानं, पण मीटरवर कापून मिळणार आणि कोपऱ्यात जोड द्यावा लागणार. जोडाशी थोडी हवा जाते, थोडा आवाज जातो. बाकी पाणीबिणी येणार नाही.

दादानं आपलं मत मला आधीच सांगून ठेवलं होतं, बाजारातलंच घे. आई एकटी त्या बंद डब्यात बसते. उद्या चक्कर आली, हाक मारली, तर बाहेर ऐकू यायला नको का? थोडी फट असलेली बरी. दादा काळजीनं बोलत होता. मी मान डोलावली होती ती मात्र काळजीनं नाही. मला माझी फट हवी होती. ती गेली की आईचं माझ्यापाशी काय उरणार होतं? मीठ?

मी बाजारातलं कापायला सांगितलं.

त्यानं टेप काढला आणि सहज म्हणाला, “हे जरा जाड आहे बरं का. बसेपर्यंत महिना दोन महिने दार आपटावं लागेल. आपटल्याशिवाय लागणार नाही.”

लोंबणाऱ्या गुंडाळ्या पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू फिरत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मला आमचं गॅरेज दिसायला लागलं, तिरपं ऊन, आणि त्यात आई, आपल्या बारक्या हातानं बाबांच्या गाडीचं दार आपटणारी. एकदा आपटलं, लागलं नाही. पुन्हा आपटलं. मी बघत राहिले. दुकानदारानं दोनदा विचारलं, ताई, कापू ना, कापू ना?

मी म्हटलं, नको, ओरिजिनल द्या. आणि ते बगलेत मारून तणतणत घरी आले. बाबा दार न आपटायचा नियम घालून मोकळे झाले होते आणि पाळायची वेळ माझ्यावर आली होती. सगळ्या वाटेनं मी त्यांनाच बोल लावत होते.

रविवारी दादा आला. जुनं रबर आम्ही नखांनी खरवडून काढलं, खाच पुसून घेतली, साबणाचं पाणी लावून नवं अंगठ्यानं दाबत दाबत बसवलं. कोपरे असे बसले की जणू तिथून कधी निघालेच नव्हते. मग कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचं आणि ओढून बघायची, सुटली तर फट आहे असं समजायचं. मी सगळीकडून ओढून पाहिलं. मनात कुठंतरी वाटत होतं की एका तरी ठिकाणी सुटावी. नाही सुटली. दादा आत बसला आणि मी बाहेरून त्याला हाक मारली, तर तो नुसता हसून कानाला हात लावून दाखवत राहिला.

दुपारी आई आली. हात पदराला पुसत तिनं रबरावरून बोट फिरवलं, दोन्ही दारांच्या, पूर्ण भोवतीनं. मी पायरीकडे निघाले. आता तिथं उभं राहून ऐकण्यासारखं काही उरणार नव्हतं, पण पायांना सवय झाली होती.

आई तिच्या बाजूला गेलीच नाही. ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, ते दार उघडलं आणि स्टिअरिंगवर बसली. आईला गाडी चालवता येत नाही. त्या सीटवर मी तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, वाकून शेजारचं दार आतून ढकललं आणि माझ्याकडे बघत बसली.

मी वळून दादाकडे बघितलं. त्याच्याही तोंडाचा आ झाला होता.

मी जाऊन शेजारच्या सीटवर बसले. इतकी खाली, जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखी. दार बोटांनी लोटलं. धप्प. आणि सगळं थांबलं. रस्ता, शेजाऱ्यांचा रेडिओ, पाण्याचा पंप, सगळं कुणीतरी उचलून दूर नेऊन ठेवल्यासारखं. फक्त आईचा श्वास आणि माझा.

“वर्ष झालं,” आई समोर बघत म्हणाली. “पायरीवर येतेस नि परत जातेस. मला वाटलं, आवाज बाहेर जातो म्हणून आत येत नाहीस.”

मी समजत होते की ती मला बाहेर ठेवतेय. आणि ती रोज दुपारी गाडीत बसून मी भांडायला यायची वाट बघत होती.

“मला का नाही कळवलंस?” मी म्हणाले. इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

आईनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

“मोठ्यानं बोल,” ती म्हणाली. “आता बाहेर जात नाही.”

मग मी बोलले. पोटातलं सगळं, जसं आलं तसं, ओरडून, रडून, तिला नको नको ते. आई मध्ये एकदाही बोलली नाही. समोरची काच आतून धुरकट होत गेली. पायरीवर बसलेला दादा दिसेनासा होण्याआधी मी त्याला पाहिलं, गुडघ्यांवर कोपरं टेकून, लहानपणी बसायचा तसा, आमची तोंडं बघत. आणि आईनं, ऐकता ऐकता, वळण आल्यासारखं स्टिअरिंग हळूच फिरवलं.