देवलसरची बारव

मागच्या फेरीचा शीण ड्रायव्हर मोडारामच्या अंगातून अजून उतरला नव्हता, तोच जेठमल शेठनं पुढच्या फेरीचा नकाशा टेबलावर पसरला. इंदूरचे तीन म्हातारे पाहुणे. जोधपूरहून ओसियां, फलोदी, पोकरण, जैसलमेर आणि त्याच रस्त्यानं परत. तेच किल्ले, तीच वाळू, तेच तोंड वाकडं करणारे उंट. मोडारामला किल्ल्यांचा कंटाळा आला होता, आणि किल्ल्यांना बहुधा त्याचा.

या खेपेला मात्र त्याला एक गोष्ट हवी होती. परतीच्या दिवशी फलोदीच्या अलीकडे देवलसरला गाडी थांबावी. शेठनं विचारलं, तिथं आहे काय? मोडारामनं बारव आहे म्हणून सांगितलं. पायऱ्या, नक्षी, राण्यांची न्हाणी, सुचेल ते ठोकून दिलं. खरं तर त्या बारवेत म्हशीसुद्धा उतरत नव्हत्या.

देवलसरला त्याची लेक गवरी दिली होती. माहेरपणाचा तीजेचा सण दोनदा येऊन गेला, सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. जावई त्याचा फोन उचलत नसे. गावाकडून येणारे म्हणत, पोरगी वाळली आहे. आणायला जायला तिला भाऊ नाही. आणि बोलावणं नसताना बाप दारात उभा राहिला, की गाव म्हणतं लेक नांदत नाही. पाहुण्यांच्या निमित्तानं तिला लांबून तरी बघावं, एवढाच त्याचा बेत होता.

पण ताकाला जाऊन भांडं लपवलं की व्हायचं तेच झालं. बारव ऐकून शेठ खूश झाला आणि म्हणाला, मग दुपारचं जेवणही तिथंच, एखाद्या घरी. नंबर द्या. मोडारामला त्या गावातला एकच नंबर पाठ होता. त्यानं तो दिला, कुणाचा ते सांगितलं नाही.

शेठचा फोन जावयानं लगेच उचलला. स्वयंपाकाचं बाईमाणसाला विचारा म्हणाला आणि फोन आत दिला. शेठनं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"तिघं पाहुणे आणि ड्रायव्हर," शेठ म्हणाला.

"ड्रायव्हर कोण?"

"आमचे मोडाराम काकोसा."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग ताटं तीनच करते," गवरी म्हणाली. "ते आमच्या गावचं पाणीही पिणार नाहीत. बाप आहेत माझे, लेकीच्या सासरचं खातपीत नाहीत." मग आवाज अगदी खाली आला. "त्यांना म्हणावं, गाडीत एक जागा रिकामी ठेवा."

फोन बंद झाला. लेकीचा आवाज इतका थकलेला असतो, हे मोडारामला सहन होईना. दोन वर्षं आपण रीत सांभाळत बसलो, याची त्याला लाज वाटली.

"शेठ, देवलसर पहिल्या दिवशी घ्या."

"पहिल्या दिवशी? मग काय बाईला जैसलमेर दाखवत फिरवणार?"

"फिरवीन. परतीपर्यंत तिला तिथं ठेवायची नाही."

शेठनं नकाशाची घडी घातली. इंदूरकरांना मी समजावतो म्हणाला. मग त्याच्याकडे न बघता बोलला, "काकोसा, गाव म्हणेल लेक नांदली नाही."

"म्हणू दे," मोडाराम म्हणाला. "नाहीच नांदली."