थांबासाहेबांना विचारा

घास तोंडाशी नेला आणि फोन वाजला. नवऱ्यानं घास ताटात परत ठेवला, हात पुसला आणि फोन घेऊन खिडकीशी गेला.

"थांबा," तो म्हणाला. "आधी दुसऱ्या सर्व्हरवर काम वळलंय का ते बघा. वळलंय? मग करा पहिला बंद. हो, चालेल."

"कोण होतं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"एजंट, आई."

"जेवू म्हणून देत नाही मेला." रागावल्यासारखं बोलायचं आणि आतून फुलून यायचं, हे सासूबाईंना छान जमत असे. "पण विचारतो हो. यंत्र असून माझ्या मुलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही." ही बातमी त्यांची शेजारणीला सांगून झाली होती, औषधाच्या दुकानातही सांगून झाली होती.

सून पोळ्या वाढत होती. यंत्र कुणाच्या सांगण्यावरून विचारतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तसं तिनंच लिहून ठेवलं होतं.

नवरा-बायको एकाच कंपनीत होते. कंपनी इतरांचे सर्व्हर सांभाळायची. रुग्णालयांचे, दुकानांचे, शाळांचे. पूर्वी ते बंद-चालू करायला, दुरुस्त करायला माणसांच्या पाळ्या असायच्या. आता ते काम एजंट करायचे, म्हणजे सूचनांची पानं वाचून आपलं आपण काम उरकणारे प्रोग्राम. ही पानं तिची. कचेरीत तिला मजकूरबाई म्हणत आणि नवऱ्याला थांबासाहेब, कारण काहीही विचारा, त्याचा पहिला शब्द ‘थांबा’. त्याच्या थांबण्यामुळे मोठी मोठी संकटं टळली होती, म्हणून चिडवण्यातही थोडा आदर असायचा. मजकूरबाई नवीन असताना जिथे जिथे धोका दिसला, तिथे तिथे तिनं पानावर लिहून टाकलं होतं, ‘थांबासाहेबांना विचारा.’ ती स्वतःही तेच करायची. इतकं विचारलं, की शेवटी लग्नाचंही तिनंच विचारलं. तेव्हा मात्र तो थांबा म्हणाला नाही.

एके दिवशी मॅनेजरनं तिला बोलावलं. वयानं लहान, बोलायला गोड.

"एजंट तुमच्या पानांवर अडतायत, मॅडम. ‘विचारा’ दिसलं की बसले. साहेब फोनवर जे सांगतात, तेच पानावर लिहून टाकलं तर?"

"आणि साहेब?"

"सुटतील बिचारे. दोन घास सुखानं खातील."

तिला ते पटलं. पटवून घ्यायची तिची तयारीच होती म्हणा ना. नवऱ्याचं पित्त, त्याची अर्धी झोप, थंड झालेली ताटं, हे सगळं ती वर्षानुवर्षं बघत आली होती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. आजवर तिची पानं कुणी धड वाचली नव्हती. माणसं पहिली ओळ वाचून सरळ फोन उचलत. एजंट मात्र शेवटचं अक्षरही सोडत नसे आणि कळलं नाही तर तसं स्पष्ट सांगत असे. लिहिणाऱ्याला असा वाचक मिळाला की तो वाहवत जातो. तीही गेली.

रोज संध्याकाळी चहा घेऊन ती नवऱ्यासमोर बसू लागली.

"सर्व्हर सुस्तावलाय हे तुला कसं कळतं?"

"कळतं गं."

"‘कळतं’ हे मला लिहिता येत नाही."

"उत्तर द्यायला वेळ लावतो. मागे कामांची रांग वाढत जाते."

"किती वाढली की तू थांबा म्हणतोस?"

"ते काय मी मोजलंय?"

"मग आता मोज."

त्यानं मोजलं. आधी कुरकुरत, मग हौसेनं. कित्येक वर्षांत त्यांच्यात औषधं आणि लेकीची फी यांपलीकडे बोलणं उरलं नव्हतं. आता तो बोलायला लागला की चहा निवून जायचा. एकदा त्यानं सांगितलं, की नोकरीच्या सुरुवातीला त्यानं घाईत दोन सर्व्हर एकदम चालू केले होते आणि एका रुग्णालयाचं काम अर्धा दिवस ठप्प झालं होतं. बाहेर ताटकळलेल्या माणसांचे फोन त्यानंच घेतले होते. "तेव्हापासून तोंडाला ‘थांबा’ बसलं बघ," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिला माहीत नव्हतं. तिचा जीव गलबलला. दुसऱ्या दिवशी तिनं त्या अर्ध्या दिवसाचं एका ओळीचं वाक्य केलं: दोन्ही सर्व्हर एकाच वेळी सुरू करू नका.

"हे सगळं लिहून झालं की मी काय करायचं गं?" त्यानं एकदा विचारलं.

"जेवायचं. गरमगरम."

दोघंही हसले.

फोन हळूहळू कमी झाले आणि मग वाजेनासे झाले. आता इथे काहीतरी बिघडायला हवं होतं. मोठा घोटाळा व्हायचा, सगळ्यांनी थांबासाहेबांकडे धाव घ्यायची, मॅनेजरनं हात जोडायचे. तसलं काही झालं नाही. पानं चोख होती आणि एजंट चोख चालले. नवरा फोन ताटाशेजारी ठेवून जेवायचा, मधूनच उचलून बघायचा आणि पुन्हा ठेवायचा. अन्न गरम असायचं, पण जेवण त्याला पहिल्याइतकं जात नव्हतं.

"फोन बिघडलाय का रे तुझा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, चांगला आहे."

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. मजकूरबाई सकाळी कामाला बसली, तर समोर एजंटचा निरोप. पान होतं कर्मचाऱ्याचं खातं बंद करण्याचं. नोकरी सोडून जाणारे थोडे, म्हणून ते तिनं शेवटी सुधारायचं ठेवलं होतं.

‘पायरी थांबली आहे. या कर्मचाऱ्याच्या नावावर सर्व अंतिम मंजुऱ्या आहेत. पानावर "योग्य व्यक्तीकडे सोपवा" असे लिहिले आहे. योग्य व्यक्ती कोण? कृपया वाक्य स्पष्ट करावे.’

खाली कर्मचाऱ्याचं नाव होतं. तिच्या नवऱ्याचं.

ती तशीच उठून मॅनेजरच्या खोलीत गेली. तिचा चेहरा बघून तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"अरेरे. तुम्हाला असं कळायला नको होतं. मी त्यांना दुपारी बोलावून सांगणार होतो. एजंटनं आधीच काम हाती घेतलं."

"माणसाला सांगायच्या आधी?"

"पानावर तसं कुठे आहे, मॅडम? आधी सांगा, मग बंद करा, असं नाहीये त्यात." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच सांगत होता.

खरंच नव्हतं. हे लिहायला लागेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. माणसाला काढायच्या आधी माणसाला सांगतात, हे काय पानावर घालायचं?

"आणि मी वाक्य दुरुस्त करून दिलं नाही तर?"

"मग मी करेन. तुमच्याइतकं नेमकं जमणार नाही, एवढंच." मग म्हणाला, "तुमचं काम सगळ्यांना आवडलंय. तुमच्या नोकरीची काळजी करू नका."

म्हणजे काळजी करण्यासारखं होतं. ती जागेवर येऊन बसली. ती उत्तर देत नव्हती तोवर एजंट अडून होता, आणि तोवर तिचा नवरा नोकरीत होता. पलीकडच्या खोलीत तो आपल्या पडद्यासमोर बसला असेल, कुणी काही विचारतंय का ते बघत. उठून त्याच्याकडे जायचं आणि सांगायचं, एवढं साधं होतं. घरात एकच पगार उरणार होता, तोही गेला तर लेकीचं काय, आईंचं काय, हे डोक्यात भणभणत होतं. आणि हे बोटांखालचं वाक्य मोघम राहिलंय, हेही तिला सलत होतं. आधी त्याच्याकडे जायचं की आधी वाक्य? तिनं आधी वाक्य केलं. तिला स्वतःची शिसारी आली, पण हात थांबले नाहीत.

अगदी वर तिनं नवी पायरी घातली: ‘प्रथम त्या व्यक्तीला समक्ष सांगा. सांगून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.’ आणि खाली, योग्य व्यक्तीच्या जागी, खरं होतं तेच लिहिलं: ‘मंजुऱ्या कोणाकडेही सोपवू नका. त्या रद्द करा.’

पान जतन झालं. ‘धन्यवाद. स्पष्ट झाले,’ एजंट म्हणाला, आणि जिथे अडला होता तिथून पुढे निघाला. अडलेलं काम अडल्या जागेवरून पुढे न्यायचं, पहिल्या पायरीकडे परतायचं नाही, हा नियमही तिनंच लिहिला होता. नव्या पायरीचा उपयोग आता पुढच्या माणसाला होणार होता.

ती उठली, तर नवराच दारातून येताना दिसला.

"अगं, मला लॉगिन होत नाहीये. मध्येच बाहेर फेकलं. बघ बरं, तुझ्या कुठल्या पानात काही राहिलंय का."

"नाही," ती म्हणाली. "पान बरोबर आहे."

तिचा आवाज ऐकून त्यानं तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसला आणि पडद्यावरचं पान वरून वाचू लागला. त्याची वाचायची रीत तिला पाठ होती. प्रत्येक ओळीवर थोडं थांबायचा, काय काय बिघडू शकतं ते मनात घोळवायचा आणि मगच खालच्या ओळीवर यायचा. शेवटी एजंटच्या नोंदीत त्याचं नाव होतं आणि पुढे ‘पूर्ण’. ते त्यानं वाचलं, पुन्हा वर गेला.

"ही पहिली पायरी नवी दिसते."

"आत्ताच घातली."

"बरं केलंस," तो म्हणाला. "हवीच होती."

तिला त्याचा हात धरायचा होता. तो उठला होता. खुर्ची त्यानं नीट जागच्या जागी सरकवली, शर्ट सारखा केला आणि मॅनेजरच्या खोलीपाशी गेला. दार उघडंच होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"येऊ का आत?" त्यानं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबला.