पाचाचे सहा

मित्रांनो, ताडकळसच्या बाजाराला जिथून लोक मोटारसायकलीवर दहा मिनिटांत पोचतात, त्या एका लहान गावच्या अंगणवाडीत मी अकरा वर्षं आढ्याच्या हुकाला लटकत होतो. मी एक वजनकाटा आहे. गोल तबकडी, लाल काटा, खाली कापडी झोळी. झोळीत लेकरू बसलं की माझा काटा थरथरायचा आणि मग एका आकड्यावर थांबायचा. अंगणवाडीच्या बायनाबाई चष्मा सारखा करून तो आकडा वहीत लिहायच्या.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. लेकरं रडायची, पाय झाडायची, पण मी खरं सांगायचो आणि मला त्याचा अभिमान होता. मग एका पावसाळ्यात खिचडीच्या तांदळाचं पोतं आलं. ते भरलंय का, हे बघायला कुणीतरी ते माझ्याच हुकाला अडकवलं. मी पंचवीस किलोपर्यंतचा, पोतं पन्नास किलोचं. माझ्या आतली स्प्रिंग ताणली गेली ती कायमचीच.

बायनाबाईंनी वरचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. रिकामा असलो की मी अगदी बरोबर दिसायचो. पण लेकरू बसलं की जास्तच दाखवायचो. मला ते कळत होतं. दर महिन्याला झोळी भरायची आणि मला वाटायचं, आज कुणाला तरी समजेल. कुणालाच समजलं नाही. उलट, गावात एकही बालक कमी वजनाचं नाही म्हणून वरून प्रशस्तिपत्र आलं. सरपंच भगवानरावांनी ते चौकटीत घालून ग्रामपंचायतीत लावलं. बायनाबाईंचा सत्कार झाला. त्या दिवशी वाऱ्यानं मी नुसता हलत राहिलो.

अशी तीन वर्षं गेली.

मागच्या उन्हाळ्यात भीमनगरातली बबिता तिच्या साक्षीला घेऊन आली. साक्षी अडीच वर्षांची. झोळीत बसवली तर ती रडलीसुद्धा नाही, मान टाकून बसली. माझा काटा दहा किलो दोनशेवर थांबला. बायनाबाईंनी वहीत साक्षीचा आकडा हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात लिहिला.

"बाई, कडेवर घेतली की पोरगी हलकी लागायलीय," बबिता म्हणाली.

"काटा खोटं बोलत न्हाई, बबिता."

मित्रांनो, या वाक्यासारखं दुसरं काही मला लागलं नाही.

काटा बदलून मागायला बबिता ग्रामपंचायतीत गेली. भगवानराव माणूस वाईट नव्हते, पण घाईत होते. नवा काटा पुढच्या बैठकीत बघू, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या बैठकीत रस्त्याचा विषय निघाला, त्याच्या पुढच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा. साक्षी आता चालताना भिंत धरायला लागली होती.

मग एका सोमवारी सकाळी बबिता मुंजाजीच्या किराणा दुकानातून पाच किलोचं लोखंडी माप पदराखाली धरून आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. ते पिशवीत घातलं आणि माझ्या हुकाला अडकवलं. पाचावर थांबायचा मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, पण काटा पाच ओलांडून पुढे सरकला आणि सहावर थांबला.

बायनाबाई उठून जवळ आल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माप काढून परत अडकवलं. सहाच. त्या खाली बसल्या आणि मागच्या वह्या एकेक काढून चाळू लागल्या. बबितानं साक्षीला उचललं आणि त्याच दुपारी पूर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. बायनाबाई तिच्यासोबत एसटीत बसल्या. तिथल्या काट्यावर साक्षी साडेआठ किलो भरली.

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. तिथं काय झालं ते मला नंतर बायकांच्या बोलण्यातून कळलं. बायनाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या तीन वर्षांच्या वह्या चुकल्यात. लेकरं कमी भरत व्हती, मी जास्त लिवलं. ते भिंतीवरचं खाली काढा."

भगवानरावांनी स्वतः स्टुलावर चढून चौकट काढली. मुलांसाठीच्या निधीतून आधी काटा, मग बाकीचं, असा ठराव झाला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुंजाजीच्या मापानं काटा तपासायचा, आणि तपासताना दोन लेकरांच्या आयांनी हजर राहायचं, हेही ठरलं.

आठ दिवसांत बॅटरीवरचा नवा काटा आला. एकतीस लेकरं पुन्हा तोलली गेली. नऊ कमी भरली. त्यांना जादा आहार सुरू झाला. साक्षी चौदा दिवस दवाखान्यात राहून आली. आता ती अंगणवाडीच्या पायरीवरून उडी मारते आणि बबिता तिच्यावर ओरडते.

मी मात्र फळीवर पडून आहे आणि मला चैन पडत नाही. त्या तीन वर्षांत चौदा मुलं माझ्या झोळीतून उतरून शाळेत गेली. त्यांचे खोटे आकडे घेऊनच गेली. त्यांना पुन्हा कुणी तोललेलं नाही. ग्रामसभेत त्यांचं नाव निघालं नाही, शाळेनं विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात मुलांसाठी जे जे ठेवलंय, काटा असो, नळ असो, झोका असो, ते नीट चालतंय का, हे मोठ्यांना विचारत जा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या चौदांमधलं असेल, तर उद्या शाळा सुटल्यावर अंगणवाडीत जा. बायनाबाईंना सांगा, "मला पुन्हा तोला."