फळीच्या दोन्ही बाजूंना

मित्रांनो, आधी हात पुसा, मग माझ्याजवळ या. तेलकट बोटांनी कुणी मला हात लावलेला मला खपत नाही. मी जुनी आहे, भंगार नाही. कळंबच्या बाजारात रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथं बाकावर भिंतीला टेकून बसलेली, राखाडी रंगाची, दोन वायरींची मशीन म्हणजे मी. माझ्या अंगावर इंग्रजी अक्षरं छापलेली आहेत. ती मला वाचता येत नाहीत, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

कागदोपत्री माझं नाव वेव्हफॉर्म जनरेटर. जनरेटर म्हटलं की लोकांना डिझेलचा धूर आठवतो. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "लाईट गेल्यावर हिच्यावर पंखा चालतो का हो?" अरे बाबा, लाईट गेली की सगळ्यात आधी मीच डोळे मिटते! मी वीज तयार करत नाही, विजेला वळण लावते. बिघडलेल्या सर्किटच्या एका टोकाला मी ओळखीची लाट सोडते. कधी झोक्यासारखी गोलवट, कधी चौकोनी, कधी त्रिकोणी. दुसऱ्या टोकाला ती कशी बाहेर पडते, ते कारागीर बघतो. धडधाकट गेलेली लाट चेपून आली, तर वाटेत कुणीतरी खोडी केली म्हणायची. मग एकेक टप्पा तपासत जायचं, चोर सापडतोच.

आणि माझं मोठेपण यापुढंच आहे. मला दोन वाटा आहेत, त्यांना चॅनल म्हणतात. दोन्हींतून वेगवेगळ्या लाटा सोडता येतात, नाहीतर एकसारख्या जोडीनं चालवता येतात. एकटी वायर घेऊन मिरवणाऱ्या मशिनी मी पुष्कळ पाहिल्या. मी तसली नव्हे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू आवळणाऱ्या बाईनं ओढणीच्या टोकानं माझा पडदा पुसला होता, एवढं आठवतं. तिथून मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. मुलांनी बिघडवू नये म्हणून मला कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. परीक्षेच्या दिवशी बाहेर काढायचे, संध्याकाळी परत आत. मला शिकवायला आणलं होतं की कोंडायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नवीन यंत्रं आली तशी माझी रवानगी लिलावात झाली. मोडक्या खुर्च्या आणि गंजक्या पंख्यांच्या रांगेत मला मांडलं. तो अपमान मी विसरलेले नाही.

तिथून मला गुंडाप्पांनी उचललं. हे मूळचे उमरग्याकडचे, कळंबात येऊन दुकान थाटलेले. त्यांनी मला उपरण्यात गुंडाळलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले.

कंडक्टर म्हणाला, "काका, डबा वर ठेवा की."

"डबा तुझा असंल," गुंडाप्पा म्हणाले. "ही मांडीवरच बसंल."

त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

घरात गुंडाप्पांची बायको शांताक्का होती. दोन मुलगे होते, थोरला सिद्धलिंग आणि धाकटा शंभुलिंग. दोघंही बापाच्या हाताखाली दुकानात बसायचे. थोरला शांत, पण एकदा बोलला की समोरच्याला ओरखडा उठायचा. धाकटा हाताचा चपळ आणि तितकाच लवकर रुसणारा.

मी आले त्याच दिवशी गुंडाप्पांनी सगळ्यांना एक गंमत दाखवली. समोरासमोर दोन स्पीकर ठेवले. माझी एक वायर एकाला जोडली, दुसरी दुसऱ्याला, आणि दोन्हींतून एकच लाट सोडली. असा भरदार सूर निघाला की पत्र्याच्या डब्यातले खिळे नाचले. मग त्यांनी माझं बटण फिरवून दुसरी लाट उलटी केली. एक पुढं येईल तेव्हा दुसरी मागं जाईल अशी. आणि सूर गेलाच! दोन्ही स्पीकर चालू, पण मधोमध उभ्या राहिलेल्या शांताक्काला फक्त एक बारीक कुजबुज ऐकू आली.

"आगं बया! बिघडलं का?" ती म्हणाली.

"न्हाय. दोघंबी धडधाकट हायत," गुंडाप्पा म्हणाले. "एकमेकाच्या उलट्या पावलानं चालल्यात, म्हणून दोघंबी मुके झाले."

मित्रांनो, मी पुढचं जे सांगणार आहे, त्यासाठी ही गंमत ध्यानात ठेवा.

मग आली माझी भराची वर्षं. बँडवाल्यांचे कर्णे, शाळांचे ॲम्प्लिफायर, ट्रॅक्टरवरचे टेप, देवळातले माइक, सगळे माझ्यापुढं येऊन गेले. ढोकीला साखर कारखान्यात हंगामाची पहिली मोळी पडायची तेव्हा तिथल्या कार्यक्रमाचा आवाजसुद्धा आदल्या दिवशी माझ्या हाताखालून जायचा. गुंडाप्पा मला रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायचे, तापू द्यायचे, मगच कामाला लावायचे. माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायची कुणाची छाती नव्हती.

गुंडाप्पा गेले आणि दुकानातला सूर बदलला.

परंड्याचे मंडपवाले उत्तरेश्वर यांचा ॲम्प्लिफायर शंभुलिंगनं दुरुस्त केला होता. तो पुन्हा बिघडून आला. खरं म्हणजे कुणीतरी त्यावर पाणी सांडलं होतं. पण सिद्धलिंगनं खोलूनही न बघता भर दुकानात म्हटलं, "धाकट्याचं काम हाय, परत येणारच."

शंभुलिंगनं सोल्डरगन खाली ठेवली, चपला घातल्या आणि घरी निघून गेला. तीन-चार गिऱ्हाइकं बघत होती. बोलणाऱ्याचं बोलून झालं, ऐकणाऱ्याच्या मनातून ते जाईना. महिना उलटायच्या आत वाटणीची भाषा सुरू झाली.

आमच्याकडं वाटणीची एक रीत आहे. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचे धाकट्यानं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. सिद्धलिंगनं दुकानातल्या सामानाचे दोन ढीग केले. शंभुलिंगनं एक उचलला. मी मात्र कुठल्याच ढिगात नव्हते, कारण मी दोघांनाही हवी होते. भांडण तिथं येऊन अडलं.

शांताक्का दारात बसून सगळं बघत होती. ती कडाडली, "त्या मशीनीला दोन तोंडं हायत ना? मग एकेकानं एकेक घ्या, अन् मधी भिंत घाला! म्हंजे तुमच्या बापाच्या जिवाला शांती मिळंल."

तिनं हाणलेला टोला होता हो तो! पण त्या दोन शहाण्यांनी तो सल्ला म्हणून घेतला. दुसऱ्या दिवशी सुतार आला. दारापासून भिंतीपर्यंत छातीएवढी उंच प्लायवूडची फळी उभी राहिली आणि तिला खालच्या अंगाला खाच पाडून माझ्या बरोब्बर मधोमध आणून बसवली.

आता गंमत बघा. माझा पडदा डाव्या बाजूला, तो गेला थोरल्याकडं. माझं फिरवायचं बटण उजव्या बाजूला, ते गेलं धाकट्याकडं. एकाला आकडा दिसायचा पण फिरवता यायचा नाही, दुसऱ्याला फिरवता यायचा पण दिसायचा नाही. आणि एकमेकांशी बोलायचं तर नाही! मग अव्वाला, म्हणजे शांताक्काला, मध्ये घालायचे.

"अव्वा, त्याला सांग, आकडा जरा खाली घे म्हणावं."

"अव्वा, त्यांना ईचार, आता बरोबर हाय का?"

"अव्वा, त्याला सांग, लई खाली गेला."

शांताक्का ज्वारी निवडता निवडता म्हणायची, "मी काय टेलिफोन हाय का रे? फळी प्लायवूडची हाय, दगडाची न्हाय. ऐकू जातंय त्याला!"

मला काय वाटत होतं, विचारू नका. कपाटातलं कुलूप परवडलं. तिथं निदान मी अख्खी होते. इथं मी दोघांच्या कामाला येत होते, आणि माझ्या दोन्ही वाटा एकत्र कधीच चालत नव्हत्या. एकाच गोष्टीची मला आस होती. या दोघांनी माझ्या दोन्ही वायरी पुन्हा एकदा एका हातात घ्याव्यात.

मागच्या वर्षी सिद्धलिंगच्या मुलीचं, दीपालीचं लग्न ठरलं. शांताक्कानं दोघांना बोलावून हुकूम सोडला. "मंडपातला आवाज भाड्याचा न्हाय आणायचा. तुमच्या बापाचा जुना ॲम्प्लिफायर लावा. स्पीकरचा एक बॉक्स ह्यानं करायचा, एक त्यानं. पोरगी दोघांची हाय, आवाजबी दोघांचा पायजे."

दोघांनी आपापल्या बाजूला बसून बॉक्स केले. माझ्या एकेका वायरीवर तपासले. खोटं कशाला सांगू, दोन्ही बॉक्स फर्मास झाले होते. पण एका बॉक्समधल्या लाल-काळ्या वायरी दुसऱ्याच्या उलट जोडल्या गेल्या होत्या. एकटा बॉक्स वाजवला की ते कळत नाही. दोघं शेजारी लागले तरच कळतं. आणि शेजारी लावणार कोण? मध्ये फळी!

लग्नाच्या दिवशी सकाळी स्टेजच्या एका अंगाला एक बॉक्स आणि दुसऱ्या अंगाला दुसरा लागला. मंडप उत्तरेश्वरांचाच होता. लग्न लावायला आलेले जंगमस्वामी माइक बघायला म्हणून दोन ओळी म्हणाले. कडेला बसलेल्या बायका म्हणाल्या, छान येतोय. पण शांताक्का बसली होती बरोब्बर मधोमध, पहिल्या रांगेत. तिला स्वामींचा आवाज पार पोकळ, विहिरीच्या पलीकडून आल्यासारखा ऐकू येत होता.

"मला नीट ऐकूच यीना," ती घाबरून म्हणाली. "आज नातीच्या अक्षता, अन् आजच माझे कान गेले का रे?"

सिद्धलिंग तिच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. दुसऱ्या बाजूनं शंभुलिंग आला. दोघांनी ऐकलं आणि दोघांचे चेहरे एकदमच उतरले. बापाची ती गंमत दोघांनाही आठवली होती.

"मशीन आणतो," शंभुलिंग म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मला उपरण्यात गुंडाळून मोटारसायकलवर आणलं. किती दिवसांनी मी त्या खाचेतून बाहेर पडले होते! माझ्या दोन्ही वायरी त्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडल्या. मी दोन्ही वाटांनी एकच लाट सोडली. मधोमध नुसती कुजबुज. सिद्धलिंगनं बटण फिरवून माझी एक लाट उलटी केली, आणि भुंग्यासारखा असा भरदार सूर उठला की मंडपाची झालर थरथरली.

"कान शाबूत हायत माझे!" शांताक्का ओरडली.

दुखणं सापडलं होतं. कुठल्यातरी एका बॉक्सच्या वायरी फिरवायच्या होत्या. चूक कुणाची, हे मात्र माझ्यासारख्या मशीनीलाही सांगता येत नव्हतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच होते.

दोघं भाऊ एकमेकांना न विचारता आपापल्या बॉक्समागं गेले. थोड्या वेळानं बाहेर आले. माझी लाट पुन्हा सरळ केली. आणि काय, पुन्हा तीच कुजबुज!

"काय रे, अजून मुकंच हाय की!" शांताक्का म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांच्याही हातात पेचकस होता.

"मी माझी फिरवली," सिद्धलिंग म्हणाला.

"अण्णा, मीबी माझी फिरवली," शंभुलिंग म्हणाला.

मग शांताक्का अशी हसली की तिचा पदर खाली आला. "इतके दिस एकबी वाकला न्हाय, अन् आज वाकलात ते दोघंबी एकदमच! आता कुणीतरी एकानंच वाका रे, अक्षतांची येळ व्हायलीय!"

उत्तरेश्वर घाईत होते. ते पेचकस मागून घेत म्हणाले, "सरका, मीच करतो. हा डावीकडचा उघडू का?"

डावीकडचा बॉक्स शंभुलिंगचा होता. सिद्धलिंग मध्ये आडवा आला. त्याचा आवाज चढला तो सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

"धाकट्याचं काम हाय," तो म्हणाला, "त्याला हात लावायचा न्हाय. माझा उघडा."

शंभुलिंगनं मान खाली घातली आणि उगाच माझ्या पडद्यावरची धूळ पुसायला लागला. पडद्यावर धूळ नव्हती. पण पुसू दिलं मी.

त्या दिवशीची मंगलाष्टकं शांताक्कानं शब्दन् शब्द ऐकली.

फळी लगेच निघाली नाही, बरं का. माणसं आहेत ती, त्यांना वेळ लागतो. आधी दोघं फळीवरून वाकून बोलायला लागले. मग वाकून मान दुखते म्हणून वरचा तुकडा कापला. शेवटी एका अमावास्येला दुकान धुताना ती पुरती निघाली. तिच्याच तुकड्याचं माझ्या डोक्यावर छप्पर केलंय, धूळ पडू नये म्हणून.

आता माझा पडदा अंधुक झालाय. एक बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. दुकानात तळहातावर मावेल एवढी नवी मशीन आली आहे, मोबाइलला जोडतात तिला. असू दे. अजून ती पोरसवदा आहे, आवाज करील, शिकेल. ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू एकदम तपासायच्या असल्या की दोघं भाऊ अजून माझ्याकडंच वळतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, दुकानात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला कपाटात कोंडू नका. वायर हिसकून काढू नका, पिनेच्या डोक्याला धरून सावकाश काढा. जरा तापू द्या, मग काम सांगा. अंगावर चहा ठेवू नका. आणि मला सुरू कराल तेव्हा माझ्या दोन्ही वायरी जोडा. एकच जोडलीत, तर मला अजून ती फळी आठवते.