डाव्या स्पीकरातली बाई

भुपेंद्रने वडिलांचा जुना स्टिरिओ रिसिव्हर दुरुस्त केला. मात्र तसं काही झालंच नाही, असं जवाहरनगरच्या त्या क्वार्टरमध्ये आता ठरलं आहे.

रिसिव्हर सेकंडहँड आला, तेव्हापासूनच त्याचा डावा स्पीकर मुका होता. भुपेंद्रने सुटलेली वायर सोल्डर केली आणि वडिलांची, म्हणजे भैयाजींची, लाडकी कॅसेट लावली. उजवीकडून नेहमीच्या बुवाने गाण्यात विचारलं, "येशील का?" स्वयंपाकघरात आईने, आनंदाबाईंनी, सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात डावीकडून एक बाई म्हणाली, "येईन!"

नवी नवरी असल्यापासून हे उत्तर आनंदाबाईच गात आल्या होत्या.

"कोन आहे थे?" त्या झारा घेऊनच बाहेर आल्या.

"मले काय माहीत वो? मीबी पहिल्यांदाच ऐकून राहिलो!" भैयाजी म्हणाले.

"मंग मी इतके वर्स कायले गाऊन राहिली होती?"

भुपेंद्रने घाबरून वायर उपटली. बाई गप्प झाली, पण आईही गप्प झाली. बुवा एकटाच विचारत राहिला.

शेवटी निवृत्त हेडक्लार्क भैयाजी स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहिले. "सदर रिक्त जागेवर पूर्वीच्याच गायिकेने पूर्वलक्षी प्रभावाने तात्काळ रुजू व्हावे, ही नम्र विनंती."